काळ्या पाषाणाचे अंतरंग

दगड हा आपल्या भाषेत फारसा मानाचा शब्द नाही. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला आपण दगड म्हणतो. ज्याला दया येत नाही तो पाषाणहृदयी ठरतो. असे असूनही आपले सारे जीवन या दगडाच्याच आधाराने चालत आले आहे. कोल्हापुराहून कसबा बावड्याकडे येताना लागणारा, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडा काळ्या दगडाचा. अंबाबाईचे देऊळ, पंचगंगेचा घाट, खिद्रापूरचा कोपेश्वर, सारे काळ्या दगडाचे. घरात आलो तर जाते, पाटा आणि उखळ त्याच दगडाची, आणि दाराबाहेरच्या रस्त्यावर पसरलेली खडीही त्याचीच. इतक्या जवळच्या वस्तूला आपण ओळखतो ते मात्र बाहेरून. तो घडवलेला आपण पाहतो, फोडलेला पाहतो. परंतु त्याच्या पोटात काय दडलेले असते याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

ही चौकशी ज्याला करावयाची असेल त्याने एकदा सिन्नरला जावे, असे आम्ही सुचवू. सिन्नर हे नाशिक जिल्ह्यातील लहानसे गाव, आपल्या कोल्हापुरापासून सुमारे ४०० किलोमीटरांवर. गोंदेश्वराच्या यादवकालीन देवळामुळे त्याचे नाव इतिहासप्रेमी मंडळींना परिचित आहे. त्याच सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. गोंदेश्वराचे देऊळ काळ्या दगडाचे बहिरंग दाखवते. शिल्पकाराने बाहेरून त्याला जे रूप दिले ते तिथे पाहावे. गारगोटी संग्रहालयात त्याच दगडाचे अंतरंग पाहावयास मिळते. ते रूप कोणा शिल्पकाराने दिलेले नाही.

‘गारगोटी’ म्हणताच आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भुदरगड तालुक्याचे ठाणे उभे राहील. त्या गावाशी या संग्रहालयाचा काही संबंध नाही. गारगोटी म्हणजे शेतात किंवा नदीकाठी सापडणारा पांढरा कठीण गोटा. पोलादाच्या तुकड्यावर तो आपटून जुने लोक ठिणगी पाडीत आणि कापसावर धरून विस्तव करीत. हा गोटा काळ्या दगडाच्या पोटातूनच बाहेर पडलेला असतो. काळा दगड उन्हापावसाने झिजून माती होतो, पण ही गारगोटी झिजत नाही. ती मातीत तशीच शिल्लक राहते. म्हणून हे नाव फार समर्पक आहे. आपल्या पायाखालच्या दगडाने आपल्या पोटातील वस्तूची वर्दी द्यावी, तशी ती गारगोटी असते.

हा संग्रह के. सी. पांडे या नौदलातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी जमविला. विहिरी, दगडाच्या खाणी, रस्त्यांची खोदकामे यांतून निघालेले स्फटिक त्यांनी वर्षानुवर्षे मिळविले, आणि त्यांतील निवडक नग दिव्यांच्या प्रकाशात मांडले. शिर्डीच्या वाटेवर असल्यामुळे तेथे यात्रेकरूही थांबतात. ज्याला खनिजशास्त्राचा गंध नाही असा माणूसही त्या कपाटांपुढे थबकतो. कारण पुढे जे दिसते ते दगड असेल यावर प्रथम विश्वासच बसत नाही.

काय दिसते ते थोडक्यात सांगतो. स्टिलबाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक पिकलेल्या पेरूच्या गराच्या रंगाचे असतात. मध्ये बांधलेली गव्हाची पेंढी दोन्ही टोकांना फुलावी तसा त्यांचा आकार असतो. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या असतात. ओकेनाइट तर पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो. तो इतका नाजूक असतो की त्यावरून बोट फिरवले तर तंतू चेपतात आणि पुन्हा कधीच उभे राहत नाहीत. अ‍ॅपोफिलाइट स्वच्छ काचेसारखा असतो. कधी तो फिकट हिरवा असतो, आणि हा हिरवेपणा व्हॅनेडियम या धातूच्या अल्प अंशाने येतो. त्याच धातूमुळे कॅव्हन्साइटला गडद निळा रंग लाभतो. पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेली कॅव्हन्साइटची निळी फुले एकदा पाहिली की विसरत नाहीत. यांखेरीज जांभळा अ‍ॅमेथिस्ट, कॅल्साइटचे अणकुचीदार स्फटिक आणि अकीकाचे पट्टेदार तुकडे असतातच.

आता प्रश्न असा पडतो की काळ्या, एकजीव, ओबडधोबड दगडात ही रंगीत आणि रेखीव वस्तू आली कोठून? याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांब लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. डोंगराच्या शिखरातून कारंजे उडावे तसा हा प्रकार नव्हता. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरावे तसा तो पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर साचून कोठे कोठे त्यांची जाडी २ किलोमीटरांच्या आसपास गेली. आज झीज होऊन उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांचा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे गट पाडून त्यांना गावांची नावे दिली आहेत. वरच्या बाजूच्या एका गटाचे नाव ‘पन्हाळा’ असे आहे. आपल्या पन्हाळ्याला इतिहासात जशी जागा आहे तशी ती भूशास्त्राच्या ग्रंथांतही आहे, हे आपणांस ठाऊक असावे.

शिलारसात वायू व वाफ विरघळलेली असते. रस पृष्ठभागावर आला म्हणजे दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे वर चढू लागतात. आंबवलेल्या पिठाला जाळी पडावी तसेच हे घडते. काही बुडबुडे निसटतात. परंतु वरचा भाग लवकर थंड होऊन घट्ट झाल्यामुळे पुष्कळसे तेथेच अडकून राहतात. म्हणून प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, तर वरचा भाग सच्छिद्र असतो. ही छिद्रे मोहरीच्या दाण्याएवढी, आवळ्याएवढी, नारळाएवढी असतात. क्वचित माणूस वाकून आत शिरेल एवढी पोकळीही आढळते.

आमच्या विहीर खणणाऱ्या लोकांनी हा भेद ग्रंथ न वाचता ओळखला आहे. घट्ट भागाला ते पाषाण म्हणतात, आणि ठिपक्याठिपक्यांच्या सच्छिद्र भागाला मांजऱ्या म्हणतात. पाषाणात सुरुंग लावावा लागतो व पाणी लागलेच तर भेगेतून लागते. मांजऱ्या खडकात मात्र पाणी मुरण्याचा संभव अधिक. ज्या थरात विहिरीला पाणी लागण्याची आशा, त्याच थरात स्फटिक सापडण्याची आशा असते. हा योगायोग नव्हे. स्फटिक हे पाण्याचेच काम आहे.

ते असे. थिजलेल्या खडकातून ऊन पाणी हळूहळू झिरपत राहिले. जाता जाता त्याने खडकातील सिलिका, चुना, सोडा, अ‍ॅल्युमिना ही द्रव्ये आपल्यात विरघळवून घेतली. पोकळीत पोहोचल्यावर, उष्णता उतरली की यांतील काही द्रव्ये भिंतीवर बसू लागली. चुलीवरच्या पातेल्यात क्षाराचा पांढरा थर जमतो, त्याच जातीची ही क्रिया. भेद एवढाच की येथे घाई नव्हती. आधी एक खनिज बसले, पाण्याचा गुण बदलला, मग त्यावर दुसरे बसले. अलीकडे अशा काही स्फटिकांची वये मोजली गेली आहेत. त्यांवरून असे दिसते की हे काम शिलारस थिजताच उरकलेले नाही. ते पुढे कोट्यवधी वर्षे टप्प्याटप्प्याने चालू राहिले होते.

आकाराच्या रेखीवपणाचे कारणही सोपे आहे. प्रत्येक खनिजाचे अणू एका ठरावीक रचनेतच एकमेकांशेजारी बसतात. जागा मिळाली तर ती रचना बाहेरच्या आकारातही प्रकट होते. भरल्या खडकात कणांची दाटी असते. यात्रेच्या गर्दीत जसे कोणालाच हातपाय पसरता येत नाहीत, तसे तेथे कोणत्याच कणाला आपला आकार घेता येत नाही. पोकळीत मोकळी जागा असते, म्हणून तेथे खनिज आपल्या स्वभावाप्रमाणे वाढते. काळ्या दगडाचे घटक आणि त्या निळ्या-गुलाबी फुलांचे घटक बरेचसे एकच. एकाला जागा मिळाली नाही, दुसऱ्याला मिळाली.

यांतील स्टिलबाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट यांच्या कुटुंबाला ‘झिओलाइट’ म्हणतात. अ‍ॅपोफिलाइट वा कॅव्हन्साइट या कुटुंबातील नव्हेत. ते त्यांचे शेजारी होत. हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने ठेवले. त्याने असा दगड ज्योतीवर धरला तेव्हा तो फुगला व त्यातून पाणी उकळल्यासारखे दिसले. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला ‘उकळणारा दगड’ असे नाव दिले. दगडात पाणी असते ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण १०० ग्रॅम स्टिलबाइटमध्ये सुमारे १७-१८ ग्रॅम पाणी असते! झिओलाइटची रचना जाळीदार असून तिच्यात अतिसूक्ष्म बोगदे असतात. त्या बोगद्यांत पाणी व सोडियम-कॅल्शियमचे कण राहतात. ते बाहेर काढता येतात आणि त्यांच्या जागी दुसरे कण घालता येतात. बोगद्याच्या तोंडापेक्षा मोठा कण मात्र आत जाऊ शकत नाही. म्हणजे ही अणूंची चाळणीच झाली.

या चाळणीचा उपयोग आपल्या प्रत्येकाच्या जीवनाशी येऊन भिडला आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत पाण्याचा जडपणा घालविण्यासाठी झिओलाइट वापरतात. खनिज तेलापासून पेट्रोल बनविण्याच्या कारखान्यांत ते लागते. २०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत गावोगावच्या रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारी यंत्रे बसविली गेली, हे आपणां सर्वांना आठवत असेल. त्या यंत्रांच्या टाक्यांत झिओलाइटचेच गोळे असतात. दाबाखाली हवा सोडली की ते नायट्रोजनला धरून ठेवतात व प्राणवायूला पुढे जाऊ देतात. अर्थात हे झिओलाइट कारखान्यात तयार केलेले असते. सिन्नरच्या कपाटांतील फुले कोणी त्यासाठी कुटत नाही. परंतु अशा पदार्थाची पहिली ओळख माणसाला झाली ती दगडाच्या पोकळीतील स्फटिकांवरून. कुतूहलाने उचललेल्या दगडाचा धागा पुढे कोठवर जाईल हे उचलणाऱ्याला सांगता येत नाही.

आता आम्ही या विषयाच्या ज्या बाजूकडे आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो तिकडे वळतो. हे स्फटिक कोणी मुद्दाम खणून काढावयास निघाले म्हणून क्वचितच सापडले. दुसऱ्याच कामासाठी खडक फुटला, आणि ते दिसले. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्या आगगाडीसाठी डोंगर फोडताना जे स्फटिक निघाले त्यांनी पश्चिम भारताच्या या खनिजांकडे युरोपचे लक्ष वेधले. २००१ साली राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे विहीर खणताना हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे जे गोळे निघाले ते जगभरच्या संग्राहकांत गाजले. कॅव्हन्साइट प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात सापडला आणि त्याचे वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत त्याचे असे नमुने निघाले की आज जगात कॅव्हन्साइट म्हटले की वाघोलीचे नाव घेतले जाते. त्या खाणी कॅव्हन्साइटसाठी नव्हत्या. त्या घरांच्या आणि रस्त्यांच्या खडीसाठी होत्या.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की या निधीचा पहिला पारखी हा विद्यापीठातील पंडित नसून सुरुंग लावणारा, पहार चालवणारा श्रमिक आहे. सुरुंगानंतर धूळ बसते आणि कोणाची तरी नजर चमकणाऱ्या पोकळीवर जाते. त्या घटकेला त्याने हात आवरला तर स्फटिक वाचतो. नाही तर संध्याकाळपर्यंत त्याची खडी होते. कोट्यवधी वर्षांत झालेल्या कामाचे भवितव्य एका दुपारी ठरते. संग्रहालयातल्या प्रत्येक नगामागे असा एक थांबलेला हात असतो, आणि त्याचे नाव चिठ्ठीवर सहसा नसते.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. स्फटिक वाचला तरी तो कोठे सापडला हे नोंदले नाही तर त्याचे सौंदर्य राहते, ज्ञान मात्र नाहीसे होते. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीत, किती खोलीवर, कोणत्या थरात, कोणत्या शेजाऱ्यांसह तो निघाला, यावरून खडकातून किती ऊन पाणी कसे वाहिले याचा उलगडा होतो. आर. एन. सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली पश्चिम भारतातील झिओलाइटांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो अशा स्थाननिश्चितीवरच उभा आहे. परदेशांतील संग्रहांत आपल्याकडील कितीतरी जुने नमुने आहेत, पण त्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले आढळते. पुण्याच्या चहूबाजूंच्या शेकडो खाणींपैकी कोणती, हे आता कोण सांगणार? आईबापांचे नाव हरवलेल्या मुलासारखी त्या दगडाची अवस्था होते.

हे नमुने परदेशी जातात याबद्दल आम्ही उगाच हळहळणार नाही. अमेरिकेतील टक्सन शहरी १९५५ पासून खनिजांचा मोठा मेळावा भरतो. तेथे आपले दगड मानाने मांडले जातात. त्यांना मोल मिळते म्हणूनच खाणीतला हात थांबतो, हेही खरे. व्यापार नसता तर यांतील बहुतेक माल रस्त्याखाली गेला असता. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आइसलंडमध्ये टायगरहॉर्न नावाचे झिओलाइटचे प्रसिद्ध ठिकाण आहे. तेथील लोकांनी ते कायद्याने राखून ठेवले आहे. आपल्याकडे ज्या विहिरीतून जगप्रसिद्ध स्फटिक निघाले तिच्या शेजारच्या गावातील मुलाला त्यांतील एकही पाहावयास मिळत नसेल, तर त्या संपत्तीत त्याचा वाटा कोणता? सिन्नरच्या संग्रहालयाचे महत्त्व आम्हांला येथे वाटते. मोठ्या शहरातल्या मोठ्या वास्तूची वाट न पाहता, ज्या प्रदेशाचे दगड त्याच प्रदेशातल्या लहान गावी ते मांडले गेले आहेत.

अशा संग्रहाची राखणही सोपी नसते. दगडाला काय होणार, असे आपण म्हणतो; पण लॉमोंटाइट नावाचा झिओलाइट कोरड्या हवेत आपले पाणी गमावतो आणि ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो. अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग दीर्घकाळ उन्हात राहिल्याने फिका पडतो. ओकेनाइटवरची धूळ ब्रशाने झटकता येत नाही. प्रत्येक दगडाचा स्वभाव ओळखून त्याला जागा द्यावी लागते.

मग आपल्या कोल्हापुराचे काय? आपला जिल्हा या काळ्या पाषाणाच्या प्रदेशाच्या दक्षिण कडेजवळ आहे. बेळगावच्या पलीकडे याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. वाघोली, नाशिक, जळगाव यांचा झिओलाइटबाबत जो लौकिक आहे तो आपल्या खडकाला नाही. तथापि आपल्याजवळ दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभा हा याच काळ्या दगडाचे उन्हापावसाने पालटलेले रूप होय. हीच क्रिया आणखी पुढे गेली म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट बनते, आणि ते राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांतील पठारांवर आहे. घाटरस्त्याच्या कापणीत दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. तो दोन शिलारसांच्या मधल्या काळाची साक्ष देतो.

काळा पाषाण, मांजऱ्या, तांबडा पट्टा, मुरूम, जांभा, बॉक्साइट आणि एक गारगोटी, एवढे सात दगड कोणत्याही शाळेच्या एका फळीवर मावतात. त्यांना पैसा लागत नाही. प्रत्येकाखाली गावाचे नाव, शिवाराचे नाव, खोली आणि तारीख लिहिली की ते संग्रहालय झाले. आणि पुढे कधी कसबा बावड्याच्या शिवारात वा करवीरच्या एखाद्या गावी विहीर खणताना चमकणारी पोकळी उघडी पडली, तर तो दगड कोठे न्यावा हे त्या गावाला ठाऊक असेल. आज तसा पत्ता नाही, म्हणून तो बांधावर पडून राहतो किंवा भरावात जातो.

हे काम सरकारने करावे, मोठ्या संस्थेने करावे, असे म्हणून थांबण्याचे कारण नाही. सिन्नरला त्याची सुरुवात एका माणसाच्या आवडीने झाली. येत्या उन्हाळ्यात आपल्या ओळखीच्या कोणाच्या विहिरीचे काम निघेल. ते निघाले म्हणजे पाणी किती फुटांवर लागले हे आपण विचारालच. त्याबरोबर, दगड कोणता लागला हेही विचारावे, आणि उत्तर एका वहीत लिहून ठेवावे.